फाटकाच्या खूप आधी

२० मे २०२५ रोजी सकाळी पावणेदहाच्या सुमारास अभिनेता सलमान खान राहतो त्या वांद्र्याच्या गॅलेक्सी अपार्टमेंटभोवती एक २३ वर्षांचा तरुण घुटमळत होता. बंदोबस्तावरच्या पोलिसाने त्याला हटकलं. तो चिडला आणि त्याने स्वतःचाच मोबाइल जमिनीवर आपटून फोडला. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास तोच तरुण तिथल्या एका रहिवाशाच्या गाडीबरोबर फाटकातून आत शिरला आणि पकडला गेला. सलमान खानला भेटायचंय, पोलीस भेटू देत नाहीत, म्हणून लपून आलो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वांद्रे पोलिसांनी बेकायदा प्रवेशाचा गुन्हा नोंदवला. तरुण छत्तीसगडचा होता.

ही काही उघडी पडलेली इमारत नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर बंदोबस्त वाढला, सज्जाला बुलेटप्रूफ काच लागली. तरीही त्याच आठवड्यात एक महिलाही अशीच आत शिरली. मग वाहिन्यांवर जी चर्चा रंगली ती पहाऱ्यातल्या भोकांची. वॉचमन काय करत होता, गाडी कुणाची होती, कॅमेऱ्यात कोण दिसलं. छत्तीसगडहून हजारावर किलोमीटरचा प्रवास करून येणाऱ्या त्या मुलाचं वागणं घरी, गावात, कामावर कुणाच्या डोळ्यांवर आलं होतं का, हे विचारणारा कुणी भेटला नाही. तो आजारी होता असं म्हणायला काडीचा आधार नाही, आणि तसं म्हणूही नये. पण सकाळी रागाने स्वतःचा फोन फोडणारा माणूस संध्याकाळी परत येतो, आणि मधल्या नऊ तासांत एखाद्या जाणकाराने त्याच्याशी दहा मिनिटं बोलावं अशी कुठलीही सोय आपल्याकडे नाही, हे मात्र खरं.

त्याच्या महिनाभर आधीचं प्रकरण याहून बोलकं आहे. मुंबई वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर सलमानला मारण्याची, त्याची गाडी बॉम्बने उडवण्याची धमकी आली. माग काढत पोलीस गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या एका घरी पोचले. संदेश पाठवणारा तरुण मानसिक आजारी असल्याचं आणि त्याच्यावर उपचार चालू असल्याचं तिथे कळलं. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस त्याच्या हातात ठेवली आणि ते परतले. पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या झोळीत नोटिशीवाचून दुसरं काही नव्हतंच. पण उपचार चालू असताना धमकी जाते तेव्हा काही प्रश्न उभे राहतात. गोळ्या पोटात जात होत्या का? डोस पुरेसा होता का? की त्या संदेशाचा आजाराशी काही संबंधच नव्हता? नोटिशीच्या कागदावर या प्रश्नांसाठी रकाना नसतो.

सगळ्या धमक्या या जातीच्या नसतात, हेही सांगून टाकलेलं बरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये शाहरुख खानच्या नावाने वांद्रे पोलीस ठाण्यात फोन आला, ५० लाख रुपये मागण्यात आले, आणि आठवडाभरात रायपूरमधून एकाला अटक झाली. आपला फोन आधीच चोरीला गेला होता, असं त्याचं म्हणणं. खरंखोटं न्यायालय ठरवेल. खंडणी, टोळीयुद्ध, सुपारी हा पोलिसांचा प्रांत आहे आणि तो त्यांच्याकडेच राहावा. राजकीय नेते बाबा सिद्दिकी यांची ऑक्टोबर २०२४ मध्ये हत्या झाली, ती कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाला थांबवता आली नसती.

इथे विषय आहे तो वेगळ्या माणसाचा. ज्याला पैसे नको असतात, ज्याच्यामागे टोळी नसते, आणि जो एका प्रसिद्ध माणसाशी आपलं अतूट नातं असल्याची खात्री मनात बाळगून असतो. कधी ते नातं प्रेमाचं असतं, कधी रक्ताचं, कधी वैराचं. १९२१ साली गातियां द क्लेरांबो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने अशा रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलं. त्यातली सर्वांत गाजलेली रुग्ण ५३ वर्षांची फ्रेंच बाई होती. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज आपल्यावर प्रेम करतात, अशी तिची ठाम समजूत. ती लंडनला जाऊन बकिंगहॅम राजवाड्यासमोर उभी राही. खिडकीचा पडदा हलला की तो आपल्यासाठीच इशारा, असं तिला वाटे. आज त्या खिडकीची जागा इन्स्टाग्रामने घेतली आहे. अभिनेत्रीने निळी साडी नेसून रील टाकली, आणि निळा हा आपला आवडता रंग. झालं, निरोप पोचला. या भ्रमाला पुराव्याचा दुष्काळ कधी पडत नाही. तिने उत्तर दिलं नाही तर ती घरच्यांच्या दबावाखाली आहे, तिने ब्लॉक केलं तर ती परीक्षा पाहते आहे.

अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. त्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नसतं, त्यामुळे तो आपण होऊन दवाखान्याची पायरी चढत नाही. औषधांनी भ्रमाची धार कमी होते, झोप लागते, चिडचिड उतरते. काहींचा भ्रम पूर्ण जातो, काहींचा उरतो पण पाय घरात राहतात. वर्षानुवर्षं मुरलेली समजूत हटायला वेळ लागतो. म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांत डॉक्टर गाठणं आणि सहा वर्षांनी फाटकावर पकडलं जाणं यात जमीनअस्मानाचं अंतर आहे.

आपल्याकडे या पहिल्या टप्प्याचं काय होतं? आपण हसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये तामिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ जिल्हाधिकाऱ्यांच्या साप्ताहिक तक्रार दिनाला अर्ज घेऊन आले. बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूशी माझं लग्न लावून द्या, नाहीतर मी तिला पळवून नेईन, असा अर्ज. आपलं वय १६ असल्याचंही त्यांनी सांगितलं. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी ‘हटके’ सदरात छापली, मोबाइलवर तिच्यावर विनोद फिरले. एका म्हाताऱ्या माणसाने सरकारी कार्यालयात येऊन स्वतःच्या हाताने आपल्या आजाराचा कागद लिहून दिला होता, एवढं मात्र त्या हशात कुणाच्या लक्षात आलं नाही.

हसू दर वेळी येतंच असं नाही. मे २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडला निगडी प्राधिकरणात अभिनेत्री सोनाली कुलकर्णीच्या आईवडिलांच्या घरात एक तरुण चाकू घेऊन शिरला. तो तिचा चाहता असल्याचं नंतर पुढे आलं. त्याला अडवताना तिच्या वडिलांना जखम झाली. चाहत्याच्या वेडाची किंमत प्रसिद्ध माणसाला द्यावी लागते असं आपण म्हणतो. ती पुष्कळदा त्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांना, ड्रायव्हरला, दारावरच्या शिपायाला द्यावी लागते.

आता एक गोष्ट, जी पोलिसांच्या नेहमीच्या अंदाजाच्या उलट जाते. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने १९४९ ते १९९६ या काळातल्या, बड्या व्यक्तींवर हल्ला करणाऱ्या किंवा हल्ल्याच्या तयारीने जवळ गेलेल्या ८३ जणांचा अभ्यास केला. त्यांतल्या एक दशांशाहूनही कमी लोकांनी आधी थेट धमकी दिली होती. म्हणजे धमकी देणारे वेगळे आणि जवळ येणारे बहुतेक वेगळे. आपली सगळी यंत्रणा मात्र धमकीची वाट पाहत बसलेली. धमकी आली की सायबर विभाग जागा होतो, पथक निघतं. लग्नाची पत्रिका छापून आणणाऱ्या, दर शुक्रवारी फुलं पाठवणाऱ्या, मी तुमचा हरवलेला मुलगा आहे असं लिहिणाऱ्या माणसाचं पत्र सेक्रेटरीच्या कचऱ्याच्या टोपलीत जातं.

ब्रिटनने ही टोपली उपडी करून पाहिली. राजघराण्याला आणि खासदारांना येणारी विचित्र पत्रं, राजवाड्याच्या दारात पुन्हापुन्हा येणारी माणसं यांच्यासाठी २००६ साली लंडनमध्ये एक केंद्र सुरू झालं. त्यात महानगर पोलिसांचे अधिकारी आणि सरकारी आरोग्य सेवेतले मनोविकारतज्ज्ञ, मानसोपचार परिचारिका एकाच खोलीत बसतात. पत्र आलं की पोलीस पत्ता काढतो, परिचारिका त्या भागातल्या मानसोपचार केंद्राला फोन लावते: हा माणूस तुमच्याकडे होता का, शेवटचा कधी आला, औषध कधी थांबलं. केंद्र स्वतः कुणावर उपचार करत नाही. ते फक्त तुटलेला धागा परत जोडून देतं.

पहिल्या १०० प्रकरणांचा हिशेब २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८६ जणांना सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाशी नातं तुटण्याच्या, पातळीचा आजार होता. ५७ जणांना स्थानिक डॉक्टरांनी रुग्णालयात दाखल केलं, आणखी २६ जणांवर घरी ठेवून उपचार सुरू झाले. १०० पैकी ८० प्रकरणांत धोक्याची पातळी खालच्या पायरीवर आली. खरी कमाई वेगळीच आहे. कुणी मारलं जाण्याचा संभव मुळात थोडाच होता, पण ८३ आजारी माणसांना डॉक्टर मिळाला. राणीच्या सुरक्षेसाठी उभी केलेली खोली मँचेस्टरच्या एखाद्या एकट्या राहणाऱ्या, जेवणखाण सुटलेल्या माणसाच्या कामी आली. हा गणिताचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडच्या सुरक्षा-चर्चेत कधी येतच नाही.

लंडनमध्ये टीकाही झाली. पोलीस आणि डॉक्टर एकत्र बसले की सरकारला नको असलेल्या माणसाला वेडा ठरवणं सोपं होईल, अशी ती भीती. भीती रास्त आहे, आणि छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूरने तिचा एक धडा पाहिलेला आहे. त्याकडे येण्याआधी शहरात थोडं फिरून यावं लागेल.

रायपूरचा सदर बाजार म्हणजे शहराची जुनी सराफ पेठ. जवळच सिटी कोतवाली, पुढे कंकालीपारा, पुरानी बस्ती. गणेशविसर्जनाच्या झाँक्या रात्रभर याच रस्त्याने जातात आणि लाखेनगरवरून महादेव घाटाकडे वळतात. लाखेनगर ज्यांच्या नावाचं, ते वामनराव लाखे मराठी घरातले. माधवराव सप्र्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं तेव्हा ते त्यांच्या पाठीशी होते. तात्यापारा, बूढापारा भागात मराठी घरं पिढ्यान्पिढ्या नांदली. १९५६ पर्यंत रायपूर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं, त्यामुळे इथल्या मराठी घरांची सोयरीक, शिक्षण आणि दुखणी तिन्ही नागपूरकडे धाव घेत.

समजा, या पेठेतल्या एका दुकानदाराचा चोवीस वर्षांचा मुलगा एका नटीच्या रीलमध्ये स्वतःसाठी निरोप शोधू लागला. गल्ल्यावर लक्ष नाही, रात्र रात्र जागरण, अंघोळीचा कंटाळा, विचारलं तर अंगावर येतो. घरचे काय करतील? आधी वयाचा दोष म्हणतील. मग लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल, असं कुणीतरी आत्या सुचवेल. त्यानंतर बैगा म्हणजे गावचा मांत्रिक, झाडफूंक, एखादा ताईत. सोन्याचा धंदा अब्रूवर चालतो. ज्या घरात बहिणीचं लग्न व्हायचंय त्या घरातला मुलगा मनोविकारतज्ज्ञाच्या बाकावर दिसता कामा नये. म्हणून फारच झालं तर नागपूरला मामाकडे जातो असं सांगून तिथल्या डॉक्टरला गुपचूप दाखवायचं. गोळ्या महिनाभर चालतात, मुलगा जरा शांत होतो, जाड व्हायला लागतो, दिवसभर पेंगतो, की गोळ्या बंद. पुढच्या वेळी मुलगा नागपूरला उतरतच नाही. हावडा मेल, गीतांजली दोन्ही रायपूरला थांबतात आणि दोन्ही मुंबईला जातात.

रायपुरात डॉक्टर नाहीत असं नव्हे. आंबेडकर रुग्णालयात, म्हणजे इथल्या बोलीत मेकाहारात, मनोविकार विभाग आहे. टाटीबंधला एम्स आहे, तिथेही आहे. पण दाखल करून ठेवण्यासाठीचं राज्याचं सरकारी मनोरुग्णालय एकच, बिलासपूरजवळ सेंदरीला, रायपूरपासून शंभरावर किलोमीटर. बस्तरच्या माणसाला तर ते दुसऱ्या देशात असल्यासारखंच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये ज्या बारा राज्यांत झालं त्यांत छत्तीसगड होतं. उपचारांची गरज असून उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के, हा त्या सर्वेक्षणाचा देशपातळीवरचा आकडा. लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही आपल्याकडे पुरता भरत नाही.

याच राज्याने एक चांगलं कामही केलं आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेशी करार करून छत्तीसगडने प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना ऑनलाइन मार्गदर्शनातून मानसिक आजार ओळखायला आणि औषधं द्यायला शिकवलं. तज्ज्ञ गावात नेता येत नाही, तर गावातल्या डॉक्टरच्या कानात तज्ज्ञ बसवावा, असा तो विचार. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही फुकट हेल्पलाइनही आहे. म्हणजे डॉक्टर, फोन, प्रशिक्षण हे सगळं थोडंथोडं आहे. नाही तो कोतवाली ते मेकाहारा हा रस्ता. अंतर दोन-तीन किलोमीटरचं. पण त्यावरून कागद जात नाही.

कायद्याने हा रस्ता आखून ठेवलेला आहे, हे विशेष. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं १०० वं कलम ठाणेदारावर कर्तव्य टाकतं: मानसिक आजारामुळे कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरतो आहे असं सकारण वाटलं तर त्याला संरक्षणात घ्यायचं आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. रुग्ण स्वतः तयार नसेल तर त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी केल्यावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं, तेही कलम ८९ मध्ये आहे. डॉक्टरने गोपनीयता पाळायची, पण दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून जेवढी माहिती देणं गरजेचं आहे तेवढी देता येते, हे कलम २३ सांगतं. एवढं सगळं असताना पोलीस ठाण्यांत आजही दोनच वाटा चालतात. एकतर गुन्हा नोंदवा, नाहीतर ‘सटका हुआ है’ म्हणून दोन थोबाडीत देऊन नातेवाइकांच्या हवाली करा.

पाठलागाचा कायदाही इथे लंगडा पडतो. २०१३ मध्ये न्या. वर्मा समितीनंतर भारतीय दंडविधानात कलम ३५४ ड आलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. पुरुषाने स्त्रीचा केलेला पाठलाग एवढंच त्यात बसतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र. गॅलेक्सीच्या फाटकात शिरलेला तरुण या कलमात येतच नाही, शिरलेली बाईही येत नाही. आणि जो येतो तो जामिनावर सुटून घरी जातो, पूर्वीइतकाच आजारी आणि आता वर अपमानित.

डॉक्टर आणि पोलीस वेगवेगळ्या खोल्यांत बसले की काय होतं, याचा जगप्रसिद्ध दाखला एका भारतीय विद्यार्थ्याचा आहे. १९६९ साली कॅलिफोर्नियात बर्कलेला शिकणाऱ्या बंगालमधल्या एका तरुणाने आपल्याला नाकारणाऱ्या मुलीला मारण्याचा विचार आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला बोलून दाखवला. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी तरुणाला ताब्यात घेतलं, तो नीट बोलतो आहे असं पाहिलं आणि सोडून दिलं. ऑक्टोबरमध्ये त्याने मुलीला ठार केलं. तिच्या आईवडिलांनी लढवलेल्या टॅरासॉफ खटल्यात १९७६ मध्ये न्यायालयाने रुग्णापासून धोका असलेल्या व्यक्तीचं रक्षण करण्याची जबाबदारी मानसोपचारकांवर टाकली. दोघांनीही आपापलं काम केलं होतं. एकाने कळवलं, दुसऱ्याने चौकशी केली. नीट बोलणारा माणूसही भ्रमात असू शकतो हे चौकशी करणाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता रायपूरचा धडा. २९ जून २०२० रोजी सिव्हिल लाइन्समध्ये मुख्यमंत्री निवासाबाहेर धमतरी जिल्ह्यातल्या एका तरुणाने अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घेतलं. तो बेकार होता, मुख्यमंत्र्यांना भेटू पाहत होता. जुलैमध्ये त्याचा मृत्यू झाला. घटना घडून काही तास उलटतात न उलटतात तोच सरकारी बाजूने तो मानसिकदृष्ट्या अस्वस्थ असल्याचं सांगण्यात आलं. विरोधकांनी बेरोजगारीकडे बोट दाखवलं. दोन्ही बाजूंना एकच कारण हवं होतं. माणूस एकाच वेळी बेकार आणि खचलेला असू शकतो, त्याला नोकरी आणि डॉक्टर दोन्हींची गरज असू शकते, एवढी साधी गोष्ट राजकारणाला परवडत नाही. मनोविकाराचा शिक्का तक्रार मिटवायला वापरला गेला की पुढचा खरा रुग्णही मदत मागायला येत नाही.

शेजारच्या ओडिशातलं उदाहरण उलट्या बाजूने गुंतागुंतीचं आहे. २९ जानेवारी २०२३ रोजी झारसुगुडा जिल्ह्यातल्या ब्रजराजनगरमध्ये राज्याचे आरोग्यमंत्री नब किशोर दास यांच्यावर बंदोबस्तावरच्याच एका सहायक उपनिरीक्षकाने सरकारी पिस्तुलातून गोळी झाडली. मंत्री त्याच दिवशी मरण पावले. त्या पोलिसावर काही वर्षांपूर्वी बायपोलर आजाराचे उपचार झाल्याचं त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. गुन्हे शाखेच्या आरोपपत्राने मात्र तो मानसिकदृष्ट्या ठीक होता आणि त्याच्या मनात मंत्र्यांविषयी वैयक्तिक आकस होता, असं म्हटलं. आजार असणं आणि गुन्हा आजारामुळे घडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, न्यायालयात तर नक्कीच. पण हल्ल्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा असतो. ज्याला कधीकाळी हा आजार होता त्याचे उपचार चालू आहेत का, आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असावं का? हा प्रश्न त्याच्या खात्यात कुणीतरी वेळेवर विचारायला हवा होता. बायपोलर असलेली हजारो माणसं रोज कामावर जातात, पोरं सांभाळतात, कुणाला बोटही लावत नाहीत. त्यांना घाबरून चालणार नाही आणि त्यांच्या फायली हरवूनही चालणार नाही.

२० ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीत मुख्यमंत्री रेखा गुप्ता यांच्यावर जनसुनावणीत राजकोटच्या एका माणसाने हल्ला केला. त्याच्या आईने पुढच्या काही तासांत माध्यमांना सांगितलं, मुलाचं डोकं ठिकाणावर नसतं. मुख्यमंत्र्यांची सुरक्षा वाढवण्यात आली. आईला हे बोलायला पहिला माणूस भेटला तो कॅमेरा घेऊन आलेला.

रायपूर जिल्ह्यातच तुलसी नावाचं गाव आहे, यूट्यूबवाल्यांचं गाव म्हणून ते देशभर गाजलं. तिथली म्हातारी माणसंही रामलीलेच्या सवयीने कॅमेऱ्यासमोर उभी राहतात आणि मुली विनोदी व्हिडिओंत काम करून लाखो लोकांच्या ओळखीच्या होतात. प्रसिद्ध व्यक्ती म्हटल्यावर अजून डोळ्यांपुढे शाहरुखचं घर मन्नत, सलमानचं गॅलेक्सी येतात, पण आज प्रसिद्धी वीटभट्टीच्या बाजूला, शेताच्या बांधावर येऊन बसली आहे. तिथे बाउन्सर नाही, वाय प्लस सुरक्षा नाही, फाटकही नाही. जून २०२५ मध्ये इस्लामाबादेत सना युसुफ या १७ वर्षांच्या टिकटॉक तारकेला तिने वारंवार नाकारलेल्या तरुणाने घरात शिरून मारलं. त्या तरुणाला मनोविकार होता असं काही पुढे आलेलं नाही, आणि नकार न पचणाऱ्या प्रत्येक पुरुषाला रुग्ण म्हणणं ही त्याला दिलेली सूट ठरेल. बाईच्या मागे लागणारे बहुतेक पुरुष आजारी नसतात. त्यांना कलम ७८ आणि खंबीर ठाणेदार पुरतो. ‘डर’ आणि ‘अंजाम’ हे सिनेमे पाहून टाळ्या पिटणाऱ्या समाजाला मात्र कुठला डॉक्टर द्यायचा, हा प्रश्न उरतोच.

कोण आजारी आणि कोण मस्तवाल, हे ठरवणार कोण, यावर सगळं अडतं. रायपुरात याची सुरुवात फार मोठ्या खर्चाशिवाय होऊ शकते. पोलीस आयुक्तालय किंवा अधीक्षक कार्यालयात एक मेज, त्यावर दोन प्रशिक्षित पोलीस, मेकाहारातला एक मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस, आणि घरोघर जाणारा एक मनोसामाजिक कार्यकर्ता. मुख्यमंत्री निवास, राज्यपाल निवास, शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर सामन्यासाठी येणारे संघ, छॉलीवूडचे म्हणजे छत्तीसगडी सिनेमाचे कलाकार, तुलसीच्या मुली, यांतल्या कुणालाही चमत्कारिक पत्रं येऊ लागली की ती फेकायची नाहीत, उत्तर द्यायचं नाही, या मेजावर पाठवायची. मेजावरच्यांनी आधी घरच्यांना भेटायचं, तेही साध्या वेशात. दाखल करण्याचा निर्णय फक्त डॉक्टरांचा. पोलिसाला तिथे मत नाही. सरकारवरची तक्रार, मोर्चा, उपोषण या मेजावर येऊच शकणार नाही, असं लेखी. आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ कायद्याने आहेच, त्याने दर तिमाहीला वही तपासायची.

गृह आणि आरोग्य या दोन्ही खात्यांचा कारभार नवा रायपूरच्या महानदी भवनातून चालतो. फाइल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्यायला गीतांजली लागत नाही. वरच्या सहीची मात्र गरज आहे, कारण आज कोतवालीतल्या हवालदाराने स्वतःच्या जिवावर एखाद्या मुलाला कलम १०० खाली मेकाहारात नेलं, तर रात्री अकराला तिथे त्याला कोण घेतो, सोबत कोण थांबतो, आणि गाडीच्या डिझेलचे पैसे कुठल्या हेडमधून मिळतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याला स्वतःच शोधावी लागतात.